तीन दिवसांत आराम, तीन आठवड्यांत पुन्हा तेच

पत्राचा सारांश : कोकणपट्टीतल्या एका शहरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. घर दोन खोल्यांचं, माणसं पाच. सव्वा वर्षापूर्वी यजमानांच्या जांघेत गजकर्ण उठलं. मेडिकलमधून मागून आणलेल्या मलमाने तीन दिवसांत खाज थांबली आणि तीन आठवड्यांत दुप्पट जागेवर परतली. मग सासूबाईंची कंबर, स्वतः ताईंच्या पोटऱ्या, आणि आता सात वर्षांच्या मुलीच्या गालावर गोल चट्टा. दहा-दहा ग्रॅमच्या ११ ट्यूब संपल्या. मध्ये टर्बिनाफिनच्या गोळ्या यजमानांनी १४ दिवस घेतल्या, तेवढ्यापुरता फरक पडला. सासूबाई ६४ वर्षांच्या. साखर, कोलेस्टेरॉल आणि ॲसिडिटीच्या गोळ्या चालू. रक्त बिघडलंय म्हणून त्यांनी वांगं, दही सोडलंय. ही ‘काळी बुरशी’ तर नव्हे, अशीही धास्ती आहे. जागा अवघड, म्हणून डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. ताई विचारतात : ‘या बुरशीला आमच्या अंगाची आणि औषधाची, दोन्हींची सवय झाली का? जास्त पॉवरचं औषध मागून घेऊ का? आणि पुढच्या महिन्यात नणंद आठ महिन्यांचं बाळ घेऊन राहायला येतेय. तिला सांगू की गप्प बसू?’

ताई,

तुमच्या पत्रात ‘परत आलं’ हे शब्द चार वेळा आहेत. आधी तेवढ्यावरच थांबू या, कारण सव्वा वर्षाची सगळी गडबड तिथेच आहे. तुमच्या घरातलं गजकर्ण बहुधा एकदाही पूर्ण गेलेलं नाही. खाज गेली, लाली गेली, बुरशी मात्र तिथेच होती. ती मजेत कशी राहू शकली हे कळलं, की पुढचं सगळं सोपं होतं.

बुरशीला माणसाचं अंग सहसा मानवत नाही. आपण फार गरम असतो. २००९ मध्ये संशोधकांनी ४,८०२ वाण तपासले, तेव्हा ३० ते ४० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात दर अंशामागे सुमारे ६ टक्के वाण गळत गेले. भाकरीवर, लोणच्यावर, भिंतीवर माजणारी बहुतेक बुरशी म्हणूनच आपल्याला काही करत नाही. गजकर्णाच्या बुरशीने यातून एक पळवाट काढली आहे. ती आत शिरतच नाही. कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या पेशींच्या थरात राहते. तिथे शरीराच्या आतल्यापेक्षा गारवा असतो, रक्त पोचत नाही, म्हणून रक्तातल्या सैनिक पेशीही सहजी पोचत नाहीत. आणि खायला भरपूर केराटिन! केस, नखं आणि कातडीचा तो थर याच प्रथिनाचा बनतो.

केराटिन पचवणं खरं तर महाकठीण. त्याचे धागे गंधकाच्या टाक्यांनी एकमेकांना शिवलेले असतात. ही बुरशी सल्फाइट बाहेर सोडून आधी ते टाके उसवते, मग आपल्या पाचक रसांनी धागे कापते. खाताना अमोनिया सुटतो, त्यामुळे मुळात किंचित आंबट असलेली कातडी अल्कधर्मी होत जाते, आणि नेमक्या त्याच वातावरणात तिचे पाचक रस जोमाने चालतात. थोडक्यात, ती जेवता जेवता स्वतःची चूल पेटवत राहते. घामाने ओली, हवा न लागणारी जांघ तिला का आवडते, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून सासूबाईंना एवढं जरूर सांगा : हे रक्तात नाही. रक्तात ३७ अंशांची ऊब आहे आणि बुरशीला लागणारं लोह तिथे ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाने कुलूप लावून ठेवलेलं असतं. प्रतिकारशक्ती फारच ढासळली असेल किंवा जन्मजात काही दोष असेल तरच ही बुरशी खोलवर जाते, आणि ते अत्यंत विरळ. वांग्याचा, दह्याचा इथे काही संबंध नाही. खुशाल खाऊ द्या. २०२१ मध्ये महाराष्ट्राने जी ‘काळी बुरशी’ पाहिली ती म्युकर गटाची, वेगळ्याच कुळातली. तिला शरीराची ऊब चालते, अनियंत्रित मधुमेहात वाढलेली साखर आणि मोकळं झालेलं लोह तिच्या पथ्यावर पडतं, आणि ती नाकातून, सायनसमधून आत घुसते. कमरेच्या नायट्याचं रूपांतर तिच्यात होत नाही. मात्र साखर वाढलेली असेल तर नायटाही रेंगाळतो, म्हणून सासूबाईंची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, एकदा करून घ्या.

आता तुमचा नेमका प्रश्न : बुरशीला अंगाची सवय झाली का? हो, पण ती तुमच्या घरात नव्हे. त्याला पिढ्यान्‌पिढ्या लागल्या. गाई-मांजरांवरची बुरशी माणसाला लागते तेव्हा कातडी भडकते, सुजते, पूसुद्धा होतो; शरीर तिला परकी म्हणून ओळखतं आणि बऱ्याचदा लवकर हाकलतं. माणसावरच राहायला शिकलेल्या जाती आवाज करत नाहीत. थोडी खाज, थोडा कोंडा, फार दंगा नाही. ट्रायकोफायटॉन रुब्रम या जातीच्या पेशीभित्तीतला मॅनन हा घटक आपला प्रतिकार मंदावतो आणि कातडीचं झडणंही मंदावतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. भाडेकरू शांत असला की वर्षानुवर्षं राहतो, तसंच हे. (उन्हाळ्यात पाठीवर उठणारी शिबं तर याहून पुढे गेलीत. त्या मॅलेसेझिया बुरशीने स्वतःची चरबी बनवण्याची सोयच टाकून दिली आहे. ती आपल्या कातडीच्या तेलावर जगते.)

औषधाच्या सवयीचं जरा वेगळं आहे. टर्बिनाफिन बुरशीच्या एका एन्झाइमला, स्क्वालीन इपॉक्सिडेजला, जाऊन चिकटतं आणि तिच्या पेशीचं पातळ पटल सांधणारा एर्गोस्टेरॉल बनणं थांबवतं. भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत पसरलेल्या एका जातीत या एन्झाइमचा आकारच बदललेला अनेकदा सापडतो. ३९७ व्या जागेवर एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं बसलेलं असतं. कुलूपच बदललं तर किल्ली दोनदा फिरवून काय उपयोग? २०२० मध्ये जपानी संशोधकांनी या जातीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं. त्यांचे नमुने भारतीय आणि नेपाळी रुग्णांचे होते. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही सापडली, आणि तिथल्या दोनपैकी एका रुग्णाने परदेश प्रवास केलेलाच नव्हता. तेव्हा ‘आमच्याच घरात अस्वच्छता असेल’ ही खंत सोडून द्या.

असा बदल औषधामुळे घडत नाही. तो चुकून कधीतरी होतो. पण अर्धवट औषधाने साध्या बुरशी मरतात आणि बदललेल्या तेवढ्या उरतात. मग रान त्यांनाच मोकळं. म्हणून ‘जास्त पॉवरचं’ मागण्याआधी हे बघू या की आजवरचं औषध पूर्ण तरी पोचलं होतं का.

हिशेब करा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली की ती साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि तेवढ्यात दोन तळहातांएवढी जागा माखते. यजमानांच्या दोन्ही जांघा आणि बसण्याची जागा मिळून आठ तळहात धरू. म्हणजे एका वेळी दोन ग्रॅम, दिवसातून दोनदा चार ग्रॅम. दहा ग्रॅमची ट्यूब अडीच दिवसांत संपायला हवी! महिन्याला सुमारे १२० ग्रॅम. तुमच्या ११ ट्यूब म्हणजे ११० ग्रॅम, आणि त्या सव्वा वर्षात चौघांनी वापरल्या. औषध हरलं असं म्हणायला ते रिंगणात उतरलेलंच नव्हतं. एवढी मोठी जागा असेल तर नुसत्या मलमावर विसंबणं तसंही परवडत नाही, गोळ्या लागतात.

आणि त्या मलमाने तीन दिवसांत आराम कसा पडला? ट्यूब हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, क्लोट्रिमाझोल, सर्टाकोनाझोल ही बुरशीची औषधं. वाचताना नावं सारखी वाटतात, म्हणून घाई नको. बाजारात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जिवाणूंचं औषध एकाच ट्यूबमध्ये कालवलेली मिश्रणं भरपूर मिळतात. स्टेरॉइड बुरशीला मारत नाही. ते तुमच्या कातडीची तक्रार बंद करतं : सूज, लाली, खाज. चौकीदाराला झोपेचं औषध दिलं की घरात सामसूम होते, तशी ही सामसूम. बुरशी तेवढ्यात पसरते, कड पुसट होते, चट्ट्यात चट्टे येतात आणि मग डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जातं. जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर उठलेले पांढरे-लालसर चरे तर कायमचे राहतात. २०१८ पासून १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्याची मुभा सरकारने काढून घेतली आहे. तरी ती काउंटरवर सहज मिळतात, हे तुम्ही पाहिलंच आहे. मुलीच्या गालावर तर हे मलम आजपासून बंद. बंद केल्यावर काही दिवस लाली, जळजळ वाढेल. नेमकं तेव्हाच लोक घाबरून पुन्हा लावतात. तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे याच आठवड्यात न्या. वापर महिनोन्‌महिने आणि भरपूर झाला असेल तर तेही सांगा.

आता काय करायचं.

चौघांनी एकाच वेळी उपचार सुरू करायचे. एकेकाने पाळीपाळीने केलं तर बुरशी नुसती खोल्या बदलते. पाचव्या माणसालाही एकदा नीट तपासा, पायाची बोटं आणि नखांसकट. पिवळं, जाड झालेलं एक नख अख्ख्या घराला पुरतं, आणि नखाचा उपचार वेगळा व लांब असतो. मुलीच्या डोक्यात कोंड्याचा गोल, तुटलेले केस दिसले तर तेही आधी सांगा. केसांच्या मुळाशी मलम पोचत नाही, तिथे पोटातून औषध लागतं.

डॉक्टरकडे जाताना रिकाम्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. लाज वाटते म्हणून लपवू नका. त्यातच अर्धं निदान असतं. खरवडून तपासणी करायला सांगा. चट्ट्याच्या कडेचा कोंडा काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात पाहतात. थोड्या वेळात बुरशीचे धागे दिसतात. कडेचाच घ्यायचा, कारण बुरशी मधून बाहेर सरकत जाते आणि मधला भाग निवलेला असतो. गजकर्णाची ती गोल कडी होते ती यामुळेच. मलम, तेल, पावडर लावलेली असेल तर तपासणी फसते, म्हणून किती दिवस आधी थांबायचं ते वेळ घेतानाच विचारा. साधारण आठवडा धरतात. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघायला, दोन ते चार आठवडे लागतात. ते प्रत्येकाला नको, पण यजमानांच्या बाबतीत, गोळ्या घेऊनही न हटलेल्या आजारात, विचारायला हरकत नाही.

गोळी कोणती हे डॉक्टर ठरवतील. टर्बिनाफिन चाललं नाही तर बहुधा इट्राकोनाझोल देतील. ती गोळी, म्हणजे कॅप्सूल, भरल्या पोटी, जेवणानंतर लगेच घ्यायची. पोटातलं आम्ल नसेल तर ती अंगी लागत नाही. सासूबाईंची ॲसिडिटीची गोळी इथे आडवी येते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी इट्राकोनाझोलचं अजिबात जमत नाही, स्नायूंना इजा होऊ शकते, हृदय कमकुवत असलेल्यांना ती टाळतात, गरोदरपणात नको. लांब चालणार असेल तर यकृताची तपासणी होते. म्हणून यजमानांच्या चिठ्ठीवर सासूबाईंनी औषध घ्यायचं, हा आपल्याकडचा लाडका उद्योग या वेळी कटाक्षाने टाळा.

मलम लावण्याचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे : कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, दिवसातून दोनदा, आणि सगळं स्वच्छ दिसायला लागल्यानंतरही दोन आठवडे. (काही मलमं दिवसातून एकदाच लावायची असतात, तेवढं विचारून घ्या.) बाहेरून आत लावत या, मधून बाहेर घासलं तर बुरशीच पुढे ढकलली जाते. एकूण कातडी खालून वर येऊन झडायला महिनाभर लागतो, म्हणून तीन-चार आठवड्यांच्या आत कुठलाही उपचार ‘झाला’ असं समजू नका. तुमच्या घरात तो आणखी लांबेल. पहिल्या दिवशी बॉलपेनने चट्ट्याची कड आखून फोटो काढा आणि दर रविवारी ताडून बघा. शेवटी तपकिरी डाग राहतील, काही महिने राहतील. त्यांना खाज नसेल, कोंडा नसेल, कड उचललेली नसेल तर ते नुसते डाग आहेत. त्यांच्यावर मलम थापत बसू नका.

लसूण चोळणं, लिंबू लावणं, रॉकेल, ॲसिड हे काहीही नको. कातडी भाजते आणि भाजलेल्या कातडीत बुरशी आणखी सुखाने राहते.

कपड्यांवर सगळेच घसरतात. बुरशीचे धागे तुटून त्यांचे टणक बीजाणू होतात आणि ते झडलेल्या कोंड्यात, कपड्यांच्या शिवणीत बराच काळ तग धरतात. कोमट पाण्याने ते मरत नाहीत. ६० अंश लागतात. थर्मामीटर नको. दोन भाग उकळतं पाणी आणि एक भाग साधं पाणी मिसळलं की सुमारे ७५ अंश होतं. कपडे पडले की ते साठीच्या आसपास उतरतं. त्यात आतले कपडे, टॉवेल, पंचे, चादरी झाकण ठेवून अर्धा तास भिजवा, काठीने ढवळा, मुलीला मोरीपासून लांब ठेवा, मग नेहमीसारखे धुवा. मुख्य म्हणजे धुवायच्या ढिगात हे कपडे बाकीच्यांबरोबर टाकू नका. वाळत घालताना उलटे करून उन्हात. पावसाळ्यात ऊन कुठलं? मग शिवणींवर, इलॅस्टिकच्या कडेवर गरम इस्त्री फिरवा आणि दमट कपडा अंगात घालू नका. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. चट्ट्याची जागा शेवटी पुसायची, आणि पायाला नायटा असेल तर आधी मोजे, मग आतले कपडे.

दोन जागा कुणाच्या लक्षात येत नाहीत. सासूबाईंच्या परकराची नाडी आणि यजमानांचा करगोटा. दोन्ही दिवसभर घामात भिजतात, एकाच जागी घासतात आणि महिनोन्‌महिने बदलत नाहीत. नाडीऐवजी काही दिवस रुंद पट्टीचा परकर किंवा सैल गाऊन. करगोटा उपचार संपेपर्यंत काढून ठेवा; श्रद्धेचा असेल तर देव्हाऱ्यात ठेवा, नंतर नवा बांधता येईल. हातातला दोरा, घट्ट अंगठी यांनाही तोच न्याय. यजमानांची घट्ट जीन्स सुटीवर जाऊ दे.

सासूबाईंना डॉक्टरकडे कसं न्यायचं? ‘जांघेतलं, कमरेतलं दाखवायला’ म्हणून नका नेऊ. ‘नातीच्या गालावरचं दाखवायला जातोय, तुमच्या चालू गोळ्या डॉक्टरांना बघायच्यात’ असं म्हणा. यात खोटं काही नाही. स्त्री-डॉक्टर मिळाल्या तर आणखी बरं. कमरेच्या चट्ट्याची एक कड दाखवली तरी खरवड घेता येते.

आणि नणंदबाई. सांगा, आणि त्या तिकीट काढायच्या आधी सांगा. गप्प राहण्यात तुम्ही लाज वाचवताय असं वाटतं, पण महिन्याने बाळाच्या मांडीवर गोल उठला तर तो दोष कायमचा तुमच्या नावावर बसेल. ‘घरात सगळ्यांना नायटा झालाय, औषधं चालू आहेत, बाळाचं अंथरूण-पांघरूण आणि टॉवेल तुमचेच आणा’ एवढं फोनवर पुरे. येणं दोन-तीन आठवडे पुढे ढकलता आलं तर उत्तम. नाहीच जमलं तर बाळ वेगळ्या गादीवर, चट्टे कपड्याखाली झाकलेले, मलम लावल्यावर हात साबणाने धुतलेले, आणि बाळाची तेल-मालिश नणंदबाईंनी स्वतः करायची. सासूबाईंना नातवाला घ्यायचंय, तर जरूर घेऊ द्या. फक्त कमरेवर नको, मांडीवर धुतलेलं दुपटं घालून.